ती अरुंद वाट : अमृतसरमधील तीन दिवस

दिवस पहिला

मुंबईहून अमृतसरला जाणाऱ्या गोल्डन टेम्पल मेलला आमच्या वडिलांच्या पिढीतील माणसे शेवटपर्यंत फ्रंटियर मेलच म्हणत असत. १९२८ साली सुरू झालेली ही गाडी तेव्हा पार पेशावरपर्यंत जात असे. फाळणीनंतर तिचा प्रवास अमृतसरला संपू लागला, परंतु सरहद्दीची आठवण सांगणारे नाव १९९६पर्यंत टिकून राहिले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझी थोरली बहीण या गाडीने निघालो, तेव्हा आमचा बेत स्वच्छ ठरलेला होता. वाघा सीमेवरचा सोहळा पाहायचा नव्हता आणि खरेदीही करायची नव्हती. जालियनवाला बाग आणि १९१९च्या एप्रिलशी निगडित असलेला तिच्याभोवतीचा जुना शहरभाग जाणत्या माणसाबरोबर पायी फिरून पाहायचा, एवढ्यासाठीच आम्ही आलो होतो. ताईने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि दर वर्षी हा धडा घेतला. मात्र बाग तिने कधीच पाहिली नव्हती.

स्थानकाबाहेर रिक्षा केली. भंडारी पुलावरून रूळ ओलांडताना चालकाने, "आता जुने शहर सुरू झाले," एवढेच सांगितले. पुलावरून मला दिसले ते केवळ रूळ, धुके आणि वाहनांची दाटी. त्या जागेचा अर्थ दुसऱ्या दिवशी कळणार होता.

संध्याकाळी दरबार साहिबला, म्हणजे सुवर्णमंदिरात, जाऊन आलो. तेथील शांततेविषयी पुष्कळांनी लिहिलेले आहे, त्यात मी भर घालत नाही. परतताना बागेच्या प्रवेशद्वारापाशी थोडा वेळ थांबलो. बाहेर शहीद उधमसिंग यांचा पुतळा आहे. त्यांनी डायरला मारले असे अनेकजण अजूनही समजतात, आणि पुतळ्यासमोर छायाचित्र काढणाऱ्या एका कुटुंबातील वडीलही मुलाला तेच सांगत होते. ताईला राहवले नाही. तिने अतिशय नम्रपणे त्यांना सांगितले, की गोळीबाराचा हुकूम देणारा जनरल रेजिनाल्ड डायर १९२७ साली आजारपणाने मरण पावला, आणि उधमसिंग यांनी १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये ज्याच्यावर गोळ्या झाडल्या तो मायकेल ओड्वायर, म्हणजे १९१९ साली पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेला आणि डायरच्या कृत्याची पाठराखण करणारा अधिकारी. त्या गृहस्थांनी ऐकून घेतले, आभार मानले आणि मुलाला, "बघ, दोघे वेगळे होते," असे सांगितले. निवृत्तीनंतरचा हा आपला पहिला तास, असे ताई रात्री हसत म्हणाली.

दिवस दुसरा

सकाळी टाऊन हॉलच्या आवारात आम्ही बाराजण जमलो. आमचे मार्गदर्शक साठीच्या आसपासचे, मृदू आवाजाचे शीख गृहस्थ होते. ते हिंदीत बोलत, मधूनच पंजाबीत जात आणि प्रत्येकाला "जी" लावून हाक मारत. त्यांनी आरंभीच एक अट घातली : बागेत पोहोचेपर्यंत कोणी बागेविषयी प्रश्न विचारायचा नाही. "आधी दहा एप्रिल, मग तेरा," असे ते म्हणाले, आणि ही अट किती योग्य होती हे पुढच्या तासाभरात पटले. पाठ्यपुस्तकात बागेतील गोळीबार एका परिच्छेदात एकटाच उभा असतो. त्याआधीचे तीन दिवस बहुधा कोणाला ठाऊक नसतात.

चालायला टाऊन हॉलपासून सुरुवात करण्यालाही कारण होते. मार्च १९१९मध्ये रौलट कायदा मंजूर झाला, आणि "ना वकील, ना दलील, ना अपील" या शब्दांत लोकांनी त्याचे सार सांगितले. अमृतसरमध्ये त्याविरुद्धच्या चळवळीचे पुढारी होते डॉ. सैफुद्दीन किचलू आणि डॉ. सत्यपाल, म्हणजे एक मुसलमान आणि एक हिंदू. ९ एप्रिलच्या रामनवमीच्या मिरवणुकीत दोन्ही धर्मांचे लोक एकत्र चालले, आणि हे ऐक्य शांततेचे असूनही, किंबहुना त्यामुळेच, अधिकाऱ्यांना अधिक भयावह वाटले. १० तारखेला सकाळी दोघांना उपायुक्तांच्या बंगल्यावर बोलावून घेण्यात आले आणि तेथूनच मोटारीने धरमशाळेला रवाना करण्यात आले. ही बातमी शहरात पसरताच आपल्या पुढाऱ्यांना सोडवून आणण्यासाठी जमाव सिव्हिल लाइन्सकडे निघाला. रुळांच्या एका बाजूला जुने शहर आणि दुसऱ्या बाजूला साहेबांची वस्ती. मध्ये रेल्वेवरचे पूल. तेथे सैनिकांनी जमावाला अडवले आणि गोळ्या झाडल्या. "काल तुम्ही रिक्षातून आलात, ते त्याच भागातून," असे मार्गदर्शकांनी सांगितले तेव्हा आदल्या दिवशीचे धुके आणि वाहनांची दाटी मला आठवली.

पुलावरून परतलेला जमाव मात्र शांत राहिला नाही, आणि आमच्या मार्गदर्शकांनी ही बाजू टाळली नाही, याबद्दल मला त्यांचा विशेष आदर वाटला. बँका जाळल्या गेल्या, पाच युरोपीय माणसे मारली गेली आणि ज्या टाऊन हॉलसमोर आम्ही उभे होतो त्यालाही आग लावण्यात आली. मिशनच्या शाळांचे काम पाहणाऱ्या मार्सेला शेरवुड या बाई सायकलवरून जात असताना त्यांना एका गल्लीत गाठून मारहाण झाली. त्यांना उचलून आडोशाला नेणारे आणि वाचवणारेही त्याच शहरातील भारतीय होते. ११ तारखेच्या संध्याकाळी डायर जालंधरहून येऊन दाखल झाला.

आम्ही चालू लागलो. जुन्या अमृतसरची रचना कटरे आणि कूचे यांच्या भाषेतच समजून घ्यावी लागते. कटरा म्हणजे बाजारपेठेसह वसलेली मोठी वस्ती, तर कूचा म्हणजे तिच्या पोटात शिरणारी आणि बहुधा पुढे बंद होणारी गल्ली. टाऊन हॉलपासून दरबार साहिबकडे जाणारा मुख्य रस्ता आता रुंद, फरसबंद आणि केवळ पायी चालणाऱ्यांचा झाला आहे, दुतर्फा इमारतींना एकसारखे दर्शनी भाग लावलेले आहेत. तो देखणा आहे, हे नाकारता येणार नाही. तथापि मार्गदर्शकांनी आम्हाला मुद्दाम त्यावरून बाजूला वळवून दोन-तीन कूच्यांतून नेले. समोरून मोटारसायकल आली की आम्हा बाराजणांना भिंतीला पाठ टेकून उभे राहावे लागे. "अरुंदपणा लक्षात ठेवा जी," एवढेच ते म्हणाले.

१३ तारखेच्या सकाळी डायरने शहरात दवंडी पिटत फिरून सभाबंदी जाहीर करवली होती. ती शहराच्या सर्व भागांत पोहोचली नाही, आणि दरबार साहिबच्या परिसरात, जेथे बैसाखीनिमित्त बाहेरगावाहून आलेली गर्दी होती, तेथे तर ती ऐकूच गेली नाही. बैसाखीचा गुरांचा बाजारही त्याच दिवशी असे, त्यासाठी खेड्यांतून शेतकरी आलेले होते. बागेत दुपारनंतर जमलेल्यांपैकी कितीजण सभेसाठी आले होते आणि कितीजण केवळ टेकायला बसले होते, याची मोजदाद कोणीही करू शकत नाही. 'बाग' हे नावही फसवे आहे. जल्ला गावाच्या हिंमतसिंग यांच्या घराण्याची ती जागा होती, त्यावरून जालियनवाला. पण १९१९ साली तेथे फुले-झाडे नव्हती, होते ते सुमारे सहा-सात एकरांचे, घरांच्या मागच्या भिंतींनी वेढलेले, खडबडीत, मोकळे पटांगण, एक विहीर आणि एक समाधी.

आणि मग आम्ही त्या वाटेच्या तोंडाशी आलो.

दोन उंच भिंतींमधील ही बोळवजा वाट आजही बागेत जाण्याचा मार्ग आहे. दोन-तीन माणसे शेजारी शेजारी चालतील एवढीच तिची रुंदी. डायर सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास येथून आत गेला तेव्हा त्याच्याबरोबर नव्वद सैनिक होते; पन्नासजणांकडे रायफली आणि चाळीस गुरख्यांकडे केवळ खुकऱ्या. मशीनगन बसवलेल्या दोन चिलखती मोटारीही त्याने आणल्या होत्या, परंतु ही वाट अरुंद असल्यामुळे त्या बाहेर ठेवाव्या लागल्या. पुढे सरकारने नेमलेल्या हंटर चौकशी समितीसमोर डायरची साक्ष झाली, तेव्हा मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड यांनी त्याला नेमके याच वाटेविषयी विचारले. वाट पुरेशी रुंद असती, तर मशीनगनही वापरल्या असत्या काय, या प्रश्नावर त्याने बहुधा वापरल्या असत्या, असे उत्तर दिले. ज्या अरुंदपणाने माणसांची सुटका रोखली, त्याच अरुंदपणाने मशीनगनही रोखल्या. मार्गदर्शकांनी सकाळपासून आम्हाला गल्ल्यांतून कशासाठी फिरवले, ते येथे कळले.

याच ठिकाणी मला एक तक्रारही नोंदवावीशी वाटते. ऑगस्ट २०२१मध्ये नूतनीकरणानंतर बाग पुन्हा खुली झाली, तेव्हापासून या वाटेच्या दोन्ही भिंतींवर माणसांची उठावशिल्पे आहेत : बागेकडे निघालेले स्त्री-पुरुष, मुले, कोणी हसतमुख. पायाखाली गुळगुळीत फरशी आहे. या बदलांवर तेव्हा देशात आणि देशाबाहेरही टीका झाली होती, आणि टीका वाचताना ती मला थोडी अतिरंजित वाटली होती. प्रत्यक्षात उभे राहिल्यावर मात्र माझे मत बदलले. शिल्पांची कारागिरी वाईट नाही. परंतु कोऱ्या विटांच्या भिंतीमधून चालताना माणूस आपोआप भिंतीकडून भिंतीकडे पाहतो आणि अंतर मोजतो, तर शिल्पांमधून चालताना तो शिल्पांकडे पाहतो आणि हात पुढे करून छायाचित्र काढतो. आमच्या पुढचे सगळे तेच करत होते, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता.

आत शिरल्यावर लगेच, जेथून गोळ्या झाडल्या गेल्या ती जागा दगडाने दाखवलेली आहे. पटांगणापेक्षा ही जमीन थोडी उंच होती, आणि सैनिक प्रवेशाच्या उजव्या-डाव्या बाजूंना पंचवीस-पंचवीस असे पांगले. कोणताही इशारा न देता गोळीबार सुरू झाला आणि तो सुमारे दहा मिनिटे चालला. मार्गदर्शक म्हणाले, "आता आपण येथे दहा मिनिटे उभे राहू, मी काही सांगणार नाही." त्यांनी घड्याळ पाहिले आणि ते खरोखरच गप्प झाले. पहिली दोन मिनिटे सगळे समोर पाहत राहिले. मग एका मुलाने पाणी मागितले, कोणी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, एका बाईंनी मोबाइलवर वेळ पाहून तो पुन्हा पर्समध्ये ठेवला. वेळ संपली असावी असे मला वाटले तेव्हा, ताईच्या घड्याळानुसार, चार मिनिटे झाली होती. मी मनाशी हिशेब करू लागलो : नंतर गोळा केलेल्या रिकाम्या काडतुसांवरून झाडलेल्या फैरींची संख्या १६५० ठरवली गेली, म्हणजे पन्नास रायफलींमागे सरासरी प्रत्येकी तेहतीस; म्हणजे प्रत्येक सैनिकाने पुन्हा पुन्हा थांबून रायफल भरली, आणि प्रत्येक वेळी पुढे काय करायचे हे त्याला सांगितले गेले. जेथे गर्दी दाट दिसेल तेथे नेम धरायला लावल्याचे डायरने स्वतःच कबूल केले होते. दाट गर्दी कोठे असणार? बाहेर पडायच्या चिंचोळ्या फटींपाशी आणि भिंतींच्या कडेला.

भिंतींवरील गोळ्यांच्या खुणा पांढऱ्या चौकटींनी दाखवलेल्या आहेत. त्यांतील काही माणसाच्या डोक्याच्या वर आहेत, आणि हे पाहून आमच्यातील एका तरुणाने, "म्हणजे काहींनी मुद्दाम वर मारल्या असतील का?" असे विचारले. मार्गदर्शकांनी उत्तर दिले, की भिंतीवर चढणारी माणसेही होती.

विहिरीवर आता काचेचे आवरण आहे. फलकावर तिच्यातून काढलेल्या मृतदेहांची संख्या १२० दिली आहे. आकड्यांविषयी मार्गदर्शकांनी जे सांगितले ते मी येथे थोडे सविस्तर देतो, कारण या स्मारकात आकडा हाच वादाचा विषय राहिलेला आहे. सरकारने मान्य केलेला मृतांचा आकडा ३७९, आणि त्यात ४१ मुलगे व सहा आठवड्यांचे एक तान्हे बाळ आहे. काँग्रेसच्या चौकशीने हा आकडा हजाराच्या आसपास धरला. स्मारकातील एका जुन्या फलकावर दोन हजारांचा उल्लेख होता आणि १९९७ साली राणी एलिझाबेथ यांच्याबरोबर आलेल्या प्रिन्स फिलिप यांनी त्यावर तो वाढवलेला असल्याचा शेरा मारून रोष ओढवून घेतला होता. हे सारे सांगून मार्गदर्शक म्हणाले, की त्या रात्री आठनंतर संचारबंदी होती, त्यामुळे जखमींना कोणी उचलले नाही, आणि पुष्कळांनी आपले मृत अटकेच्या भीतीने गुपचूप नेऊन अंत्यसंस्कार केले; मोजणारा तेथे नव्हताच. रतन देवी या बाईंनी आपल्या पतीच्या मृतदेहापाशी कुत्र्यांना हाकलण्यासाठी हाती काठी घेऊन बागेतच रात्र काढली, ही त्यांची साक्ष काँग्रेसच्या अहवालात नोंदलेली आहे. ताई हा प्रसंग दर वर्षी वर्गात सांगत असे. येथे ती काही बोलली नाही.

१९६१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उद्घाटन झालेले, अमेरिकन वास्तुविशारद बेंजामिन पोक यांनी रचलेले लाल दगडाचे निमुळते स्मारक पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्याच्याजवळ फेरी संपली. निरोप घेताना आम्ही महाराष्ट्रातून आलो आहोत हे कळल्यावर मार्गदर्शकांनी आवर्जून सांगितले, की काँग्रेसच्या चौकशी समितीत गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर "तुमचे जयकर"ही होते. मुकुंदराव जयकरांचे नाव अमृतसरच्या एका माणसाच्या तोंडून इतक्या सहज ऐकायला मिळेल, अशी माझी अपेक्षा नव्हती. या समितीने सतराशेहून अधिक लोकांचे जबाब तपासले. १९१९च्याच डिसेंबरात येथे भरलेले काँग्रेसचे अधिवेशन हे लोकमान्य टिळकांचे अखेरचे वार्षिक अधिवेशन ठरले. प्रतियोगी सहकारितेची, म्हणजे सरकार जेवढे सहकार्य करील तेवढेच आपण करायचे, ही त्यांची भूमिका याच दिवसांतील आहे. गोळीबारानंतर आठ महिन्यांनी याच शहरात हजारो माणसे पुन्हा जमली होती, हे मी पुस्तकात कितीदा तरी वाचले होते, पण दोन घटना एका गावच्या आहेत हे कधी मनावर ठसले नव्हते.

दिवस तिसरा

सकाळी टाऊन हॉलमधील फाळणी संग्रहालय पाहिले. २०१७ साली सुरू झालेल्या या संग्रहालयावर स्वतंत्रपणे लिहायला हवे, म्हणून येथे एकच गोष्ट सांगतो. तेथेही एक विहीर उभारलेली आहे. १९४७च्या दंगलींत अब्रू वाचवण्यासाठी विहिरींत उड्या घेतलेल्या स्त्रियांची ती आठवण. आदल्या दिवशी काचेखालची विहीर पाहून आलेल्या आम्हाला ती ओलांडून पुढे जायला वेळ लागला.

दुपारी कूचा कुर्रीछां शोधला. मार्सेला शेरवुड यांच्यावर हल्ला झाला ती हीच गल्ली. डायरने १९ एप्रिलला तेथे पहारे बसवले आणि सकाळी सहा ते रात्री आठ या वेळात तिच्यातून जाणाऱ्या प्रत्येक भारतीयाने पोटावर सरपटत जावे, असा हुकूम काढला. तो काही दिवसांनी मागे घेण्यात आला, तोवर सुमारे पन्नासजणांना सरपटावे लागले. गल्लीत राहणाऱ्यांनी मग काय करायचे, असे हंटर समितीने विचारले, तेव्हा ते छपरांवरून जाऊ शकले असते, असे डायरचे उत्तर होते. गल्ली आज अगदी साधी आहे. एका दारात म्हातारे गृहस्थ ऊन घेत बसले होते. आम्ही वर, दोन घरांच्या कठड्यांमधील अंतराकडे पाहत आहोत, हे त्यांनी ओळखले असावे. "वरून कोणी गेले नाही जी," ते म्हणाले, "सरपटायला लागू नये म्हणून माणसे घरातच बसून राहिली, असे माझे आजोबा सांगत."

निघण्यापूर्वी ताईला बाग एकदा मार्गदर्शकाशिवाय पाहायची होती. संध्याकाळ होती, सव्वापाच वाजून गेले होते. शाळेची एक सहल आली होती आणि मुले हिरवळीवरून एकमेकांच्या मागे धावत होती. ताईने त्यांना हटकले नाही. ती गोळीबाराच्या दगडापासून विहिरीपर्यंत चालत गेली आणि परत आली. पावले मोजत होती, हे ओठांवरून दिसत होते. किती भरली, ते मी विचारले नाही.

मग आम्ही आलो त्याच वाटेने बाहेर जायला वळलो. बोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या रखवालदाराने हात आडवा केला. "इकडून नाही जी, ही आत येण्याची वाट. बाहेर जायचा रस्ता तिकडे," असे म्हणून त्याने पटांगणाच्या दुसऱ्या बाजूच्या रुंद, नव्या मार्गाकडे बोट दाखवले. ताई त्याला म्हणाली, "तेव्हा तो नव्हता ना?" त्याला प्रश्न कळला नसावा, त्याने पुन्हा तिकडेच हात केला. आम्ही त्या मार्गाने बाहेर आलो तर समोर जुत्यांची आणि पापड-वड्यांची दुकाने, आणि टाऊन हॉल कोणत्या दिशेला ते आम्हा दोघांनाही काही वेळ उमगेना.